दोन दस्त्यांचा पिच्चर

आमच्या ऑफिसात सिनेमा चांगला की वाईट हे वर्तमानपत्र वाचून ठरत नसे, वाघमारेंना विचारून ठरत असे. सोमवारी सकाळी ते आत आले, जेवणाचा डबा खिडकीत ठेवला, की कुणीतरी हटकायचंच, "काय वाघमारे, किती?" ते खिसा चाचपून आठवल्यासारखं करायचे आणि सांगायचे, "एक. तीबी मधल्या सुट्टीनंतर." किंवा, "कोरडी आली घरी. जाऊ नका." आणि वर्षातून एखाद्या वेळी, आवाज जरा खाली आणून, "दोन."

दस्ती म्हणजे हातरुमाल. निजाम गेला, शब्द मागे राहिला. वाघमारे सिनेमाला जाताना घडी केलेल्या दोन दस्त्या नेत. एक स्वतःच्या डोळ्यांसाठी आणि दुसरी शेजारच्या खुर्चीवर जो कुणी बसेल त्याच्यासाठी. ओळख असो नसो. एक दस्ती म्हणजे ते एकटे रडले. दोन दस्त्या म्हणजे शेजारचाही फुटला. असा सिनेमा आला की आमच्या हेडक्लार्कपासून शिपायापर्यंत सगळ्यांच्या बायका रविवारच्या खेळाला जायच्या आणि डोळे सुजवून, मोठ्या समाधानानं परत यायच्या.

गंगाराम वाघमारे नांदेडच्या पाटबंधारे ऑफिसात ट्रेसर होते. कालव्यांचे, बंधाऱ्यांचे नकाशे पारदर्शक कागदावर शाईनं गिरवायचे. मी तिथेच कारकून. ते माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठे. उंची दाराच्या चौकटीला टेकणारी, मिशा पोलीसपाटलाला शोभाव्यात अशा. आणि पडद्यावर एखाद्या म्हाताऱ्यानं पाहुण्याला "जेवून जा" म्हटलं की यांच्या डोळ्यांना धार लागलीच म्हणून समजा. आडनाव वाघमारे आणि शेळीनं मान टाकली तरी रडणार, अशी त्यांची थट्टा चाले. ते स्वतःही त्यात हसून सामील होत.

मी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर गेलो तो सिनेमा कुठला होता ते आता नीट आठवत नाही. एका विधवा बाईचा होता. ती उरलेली भाकरी झाकून ठेवते आणि दाराकडे बघत बसते, एवढाच प्रसंग. मी खोकल्याचं निमित्त करून बाहीनं डोळे पुसले. अंधारातून एक हात आला आणि माझ्या गुडघ्यावर दस्ती ठेवून गेला.

"घ्या कदम. लाजू नका. आंधार कशापायी केलाय?"

"सिनेमा दिसावा म्हणून," मी कसाबसा म्हणालो.

"न्हाई हो. पिच्चर तर थोड्या उजेडातबी दिसतो. आंधार रडाया करतेत."

वाघमारेंचं रडणं हुंदक्यांचं नव्हतं. बराच वेळ ते नुसते गप्प बसत, मग एक लांब श्वास, आणि मग दस्तीत नाक शिंकरण्याचा असा काही आवाज, की पुढच्या तीन रांगा मागे वळून बघत. डोअरकीपर तर म्हणायचा की आतून वाघमारेंचा भोंगा ऐकू आला की मला कळतं, इंटरवलला किती वेळ उरलाय.

आणखी एक गोष्ट. पडद्यावर कुणी मेलं की ते अजिबात रडत नसत. सगळं थिएटर ओक्साबोक्शी रडत असताना हे खिशातून शेंगदाणे काढून खायचे. "मेला कुटं हो तो? पुढच्या म्हैन्यात दुसऱ्या पिच्चरमध्ये येतोय की घोड्यावर बसून." त्यांना रडू यायचं ते साध्या गोष्टींनी. कुणी एकट्यानंच भांडी घासत बसलं तर, पोरीला न्यायला आलेली गाडी वळणावर दिसेनाशी झाली तर. मला सुरुवातीला हे वेड वाटायचं. पुढे मलाही तशाच जागी भरून येऊ लागलं, आणि मग वाटेना.

बहात्तरच्या दुष्काळात एकदा आमच्या इंजिनियरसाहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर टोकलं. बाहेर कालवे कोरडे ठणठणीत पडलेले, साहेबांचं डोकं आधीच तापलेलं. "वाघमारे, पुरुषासारखे पुरुष तुम्ही, थिएटरात बसून पाणी काय गाळता?"

वाघमारे अदबीनं उभे राहिले. "साहेब, पाटबंधारे खात्यात हाव. कालव्याला सोडाया तर न्हाई, म्हणून इकडं सोडून राहिलो."

साहेब हसले नाहीत, पण वळून केबिनमध्ये गेले तेव्हा त्यांचे खांदे हलत होते. पुढच्या सोमवारी साहेबांच्या शिपायानं येऊन हळूच विचारलं, "बाईसाहेब पुसत्यात, ह्या वक्ताला किती?"

त्याच दुष्काळात वाघमारेंची आई गेली. भोकरजवळच्या त्यांच्या गावाशेजारी सरकारी खडीचं काम निघालं होतं. आई आणि धाकटी बहीण धुरपता, दोघी तिथे खडी फोडायला जात. वाघमारे लहानपणापासून वसतिगृहात, नंतर नांदेडला नोकरीला. नोकरी लागल्यावर आईला इकडे चल म्हणून त्यांनी पुष्कळ विनवलं. ती म्हणायची, दुष्काळ सरू दे, मग येते. तिला कावीळ झाली आणि निरोप पोहोचून हे गावी जाईपर्यंत सगळं आटोपलं होतं. परत आले ते नेहमीसारखे. टेबलाशी बसले, शाईची बाटली उघडली आणि कामाला लागले. डोळे कोरडे.

त्यांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती आणि तिच्या शेजारी एक रिकामा खिळा. आईच्या फोटोसाठी ठोकलेला. पण फोटो नव्हता. त्या माउलीनं उभ्या जन्मात एकही फोटो काढून घेतला नव्हता. तूर्त त्या खिळ्यावर धुतलेल्या दस्त्या वाळत असत.

पुढच्या वर्षीची गोष्ट. त्या काळी मुख्य सिनेमाच्या आधी सरकारी माहितीपट दाखवायचे. लोक तेवढ्या वेळात बाहेर बिडी ओढून घेत. वाघमारे मात्र पहिल्यापासून बसत, कारण "तिकीट त्याचंबी हाय." त्या रविवारी माहितीपट लागला तो दुष्काळी कामांचा. भरदार आवाजातलं निवेदन, मागे सतार. खडीचे ढीग, टोपल्यांची रांग, सुकडीच्या गोड पिठासाठी थाळ्या घेऊन बसलेली पोरं. आणि मग रांगेत बसून खडी फोडणाऱ्या बाया. सगळ्यांची लुगडी एकाच रंगाची, कुणीतरी दान म्हणून वाटलेली. सगळ्यांची तोंडं धुळीनं पांढरी. त्यातली एक बाई मान वर करते, कॅमेरा बघते, हसते, आणि लगेच पदर तोंडाला लावते. पुन्हा खाली बघून हातोडा चालवू लागते. एवढंच. पापणी लवावी इतकं.

वाघमारे ताडकन उठून उभे राहिले. मागून लोक ओरडले, "बैठ जाव भाई!" ते बसले. माझा दंड त्यांनी इतका घट्ट धरला होता की दोन दिवस दुखत होता.

"माय," ते म्हणाले. "कदम, माय हाय ती माझी. म्होरला दात पडलाय म्हणून तोंड झाकती बगा. तसंच झाकायची."

त्या दिवशी आम्ही मुख्य सिनेमा पाहिला, पण त्यांनी काय पाहिलं देव जाणे. मी वाट बघत होतो की आता बांध फुटेल. तसं काही झालं नाही. दस्त्या दोन्ही घडीच्या घडीत. बाहेर आल्यावर मी न राहवून विचारलं, तर म्हणाले, "रडायचं कशाला? माय भेटली की!" आणि माझ्या खांद्यावर थाप मारून असे हसले, की मलाच रडू आलं.

गुरुवारपर्यंत ते रोज संध्याकाळी तिकीट काढून जात, माहितीपट बघत आणि मुख्य सिनेमा सुरू झाला की उठून घरी येत. डोअरकीपरनं मला बाजूला घेऊन विचारलं, "उनकी तबियत तो ठीक है ना?" मीही एक-दोनदा बरोबर गेलो. तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. ती बाई पडद्यावर यायच्या जरा आधी वाघमारे पायातल्या चपला काढून ठेवत. एकदा त्यातली एक थिएटरच्या उतारावरून घरंगळत पुढे गेली. दिवे लागल्यावर हा एवढा मोठा माणूस खुर्च्यांखाली वाकून, "जरा पाय उचला ताई," करत चप्पल शोधत होता. मी हसू आवरत उभा होतो आणि त्यांनाही त्याचं काही वाटत नव्हतं. आईच्या पाया पडायला गेलेल्या माणसानं चपलेचा विचार कुठे करायचा?

धुरपताला दाखवायचं, हा एकच ध्यास त्यांना लागला. मुख्य सिनेमा चांगला चालला होता, आणखी एक आठवडा राहणार असं पोस्टरवर लिहिलं होतं. म्हणून हे बिनघोर. शनिवारची रजा टाकून शुक्रवारी ऑफिसातूनच गावाकडे गेले आणि रविवारी तिला एस.टी.नं घेऊन आले. पण मुख्य सिनेमा राहिला तरी माहितीपट शुक्रवारी बदलतो, हे आम्हा कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. पडद्यावर कोंबड्यांना लस टोचण्याचा माहितीपट लागला. धुरपताबाई पदर सावरून, डोळे ताणून बसल्या होत्या. पांढऱ्या कोंबड्या आल्या, गेल्या, पुन्हा आल्या.

"दादा," शेवटी त्या म्हणाल्या, "कोंबड्या बगाया आणलंस व्हय मला?"

वाघमारे मॅनेजरकडे धावले. रीळ पुढे गेलं, एवढंच त्याला माहीत होतं. बहुतेक धर्माबादला. पुढच्या रविवारी हे धर्माबादला. तिथे विणकामावरचा माहितीपट लागला होता. तो त्यांनी पूर्ण पाहिला. सोमवारी त्यांना कुणी "किती?" म्हणून विचारलं नाही. पुढे कितीतरी दिवस कुठे कोणता माहितीपट लागलाय याची चौकशी ते बसकंडक्टरांकडे, बाजाराला आलेल्या व्यापाऱ्यांकडे करत राहिले. मग तेही थांबलं. खिळ्यावर दस्त्या वाळत राहिल्या.

लातूर जिल्हा झाला तेव्हा नव्या ऑफिसांसाठी माणसं हवी होती. आमच्या दोघांच्याही बदल्या तिकडे झाल्या. नवा जिल्हा म्हणजे काय गंमत होती! पाट्यांचा रंग ओला, ऑफिसं भाड्याच्या घरात. आमचा नकाशांचा विभाग कुणाच्यातरी माजघरात होता आणि साहेब स्वयंपाकघरात बसत. भेटायला येणारे विचारत, "साहेब शिजले का?" नव्या जिल्ह्याचा नकाशा वाघमारेंनी गिरवला. सीमारेषेवर पेन फिरवताना ते श्वास रोखून धरत.

तिथेच सरकारी सिनेमाची गाडी होती. गावोगाव जाऊन, दोन बांबूंना पांढरा पडदा बांधून माहितीपट दाखवायची. तिचे ऑपरेटर करीमभाई आमच्याच गल्लीत राहायला होते. वाघमारेंनी त्यांना एकदा चहा पाजला आणि सगळी हकिकत सांगितली. करीमभाईंनी दाढी खाजवली. "दुष्काळ का? एक डब्बा है तो सही. पुराना है. कोई मंगताच नहीं." तेही वर्ष पावसानं ओढ दिलेलं होतं. पाणी अडवण्याच्या प्रचारासाठी तो डबा काढायला हरकत नव्हती. करीमभाईंनी आधी स्वतः लावून बघितलं आणि येऊन सांगितलं, "है भाई. पत्थर फोडनेवाली औरतें हैं."

धुरपताबाईंना पुन्हा बोलावणं गेलं. त्या भोकरहून नांदेड, नांदेडहून लातूर अशा गाड्या बदलत आल्या. आता केस पिकले होते. उतरल्या उतरल्या म्हणाल्या, "ह्या खेपेला कोंबड्या न्हाईत ना रे?"

दिवेलागणीला आमच्या खोल्यांमागच्या मैदानात पडदा लागला. आजूबाजूची बरीच माणसं येऊन बसली. त्यातल्या पुष्कळांनी त्या दुष्काळात खडी फोडलेली होती. मला वाटलं होतं, लोक गंभीर होतील. झालं उलटंच. सुकडीची थाळी दिसली आणि हशा पिकला. "आरं, ती बग सुकडी! लई खाल्ली राव!" खडी फोडणारे हात दिसले, तशा बाया एकमेकींना ढोसू लागल्या. स्वतःची हालत इतक्या लांबून बघायला त्यांना मजा वाटत होती. निवेदकाचा आवाज बिचारा एकटाच दुःखी होता.

वाघमारेंनी चपला काढल्या. "आता बग हां धुरपता. आता येती."

ती बाई आली. मान वर केली, हसली, पदर तोंडाला लावला. गेली.

वाघमारे बहिणीकडे बघत होते. धुरपताबाई पडद्याकडे.

"बगितलीस का?"

"बगितली."

"मग?"

"दादा, माय न्हाई ती."

"आसं कसं? दात बग, पदर बग."

"दात सगळ्यांचेच पडलेते. हात बग की. हातोडा उजव्या हातात हाय तिच्या. माय डावरी होती. मी बाजूला बसून खडी फोडलीय, तिचा हातोडा इकडून यायचा, माज्या अंगाकडून. मी सरकून बसायची." त्या थांबल्या आणि मऊ आवाजात म्हणाल्या, "तू तोंडच बगत बसलास रं."

मी त्या दोघांच्या मागेच बसलो होतो. पडद्यावर शेवटी धरणाचं भरलेलं पाणी आलं. उन्हात चमकणारं, पडदा भरून. इतका वेळ हसणारी माणसं एकदम गप्प झाली. एक म्हातारा म्हणाला, "आरारारा, किती पाणी!" आणि डोक्याचा फेटा काढून त्यानं डोळ्यांना लावला.

वाघमारे उठून करीमभाईंकडे गेले. काय बोलले ते ऐकू आलं नाही. करीमभाईंनी रीळ मागे घेतलं आणि पुन्हा लावलं. लोकांनी कुरकुर केली नाही. या वेळी वाघमारे उभ्यानंच बघत होते, आणि तोंड बघत नव्हते. बाई आली. हातोडा उजव्या हातात होता. पदर डाव्या हातानं धरला होता. ज्या माणसानं जन्मभर नकाशाची रेघ न् रेघ गिरवली, त्याला ते आता दिसलं.

मग त्यांनी दस्ती काढली. इतकी वर्षं मी त्यांना रडताना पाहिलं होतं, पण हे निराळं होतं. भोंगा नाही, काही नाही. नुसते खांदे. आई गेली तेव्हा न रडलेला हा माणूस पडद्यावर ती भेटली म्हणून इतकी वर्षं निवांत होता. त्याची आई त्या संध्याकाळी गेली. पहिली दस्ती भिजली. सवयीनं त्यांचा हात दुसऱ्या खिशात गेला आणि दुसरी त्यांनी शेजारी पुढे केली.

धुरपताबाईंनी ती घेतली नाही. त्यांच्याच हातात परत दाबली. "मी रडले तवाच, खडीवर. तुजं ऱ्हायलंय. तू रड."

सोमवारी ऑफिसात मीही काही विचारलं नाही. त्यांनीच नकाशावरून मान न उचलता सांगितलं, "कदम, दोन. दोन्ही माज्याच."

मी पुढे पुन्हा नांदेडला आलो. वाघमारे लातूरलाच राहिले. काही वर्षांनी कामानिमित्त लातूरला गेलो, तेव्हा संध्याकाळी त्यांच्या घरी डोकावलो. इथेही बुद्धाच्या तसबिरीशेजारी खिळा होता आणि त्यावर दस्त्या वाळत होत्या. वाघमारेवहिनी म्हणाल्या, सिनेमाची गाडी आली आहे, तिकडेच गेलेत. शाळेच्या मैदानात करीमभाईंनी पडदा लावला होता. वाघमारेंच्या मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मला बघून त्यांनी सरकून बाकावर जागा करून दिली. बोलायला सुरुवात करणार, तोच निवेदकाचा तो भरदार आवाज आणि सतार. तोच डबा. खडीचे ढीग, टोपल्या, थाळ्या.

मी सहज खाली पाहिलं. वाघमारेंचे पाय चपलांच्या बाहेर होते.

पडद्यावर त्या बाईनं मान वर केली, हसली, पदर तोंडाला लावला. उजवा हात पुन्हा चालू लागला.

"वाघमारे," मी हळूच म्हणालो, "ही तर..."

"म्हाईत हाय हो," ते पडद्यावरची नजर न काढता म्हणाले. "पर तिच्या लेकानं हिला बगितलं का न्हाई, कुणाला म्हाईत? त्यो येईस्तवर आपुन बगावं."

पडद्यावर कालवे सुरू झाले. वाघमारेंनी अंगठ्यानं चाचपून चपला शोधल्या. इथे जमीन सपाट होती, चपला जागच्या जागीच होत्या.